देवाच्या टेबलावरचं सीताफळ

आमचे हे सीताफळ न खाता गेले.

आज वर्ष झालं. मी बोलतेय, नात रिया टाइप करतेय. चुका तिच्या, बडबड माझी.

मुलगा मनोज आम्हा दोघांना इकडे आखातात, अल गराफाला घेऊन आला, तेव्हा यांनी बॅगेतून काय आणलं? नगरच्या अंगणातल्या सीताफळाच्या बिया. त्यांच्या आईने लावलेलं झाड ते.

वजन जास्त झालं म्हणून एअरपोर्टवर माझे पापड काढून ठेवले. बिया मात्र आल्या.

व्हिलाच्या मागे एक निळा ड्रम. त्यात माती, आणि वरून एसीचं ठिबकणारं पाणी. बी रुजली, झाड झालं.

उन्हाळ्यात त्यावर माझी साडी बांधायचे. मला न विचारता.

"माझ्यावर कधी एवढी सावली धरली नाहीत हो!"

"तू कुठं सुकतेस?"

कित्येक वर्षं नुसती पानं. फुलं यायची, गळायची. मनोज हायपरमार्केटमधून सीताफळं आणायचा, पण हे हात लावायचे नाहीत. म्हणायचे, "स्टिकर लावलेलं फळ मी खात नाही. आईच्या झाडाचं खाईन."

मागच्या वर्षी फळ धरलं. एकच.

आणि त्याच सुमारास डॉक्टरांनी सांगितलं, आजार पोटभर पसरलाय. पुढचा हंगाम यांना नाही.

यांना सगळं ठाऊक होतं. जेवण जात नव्हतं. भाताचा वास आला तरी तोंड फिरवायचे. पण सकाळी काठी टेकत ड्रमापाशी जायचे आणि फळाचे डोळे बघत बसायचे. डोळे उघडले की फळ तयार.

मला वाटलं, चला, देवाने यांच्या तोंडासाठीच धाडलंय.

तेवढ्यात आमच्या मंडळीचा, म्हणजे चर्चचा, हंगामाचा सण आला.

माहीत नसेल त्यांना सांगते. गावाकडे आम्ही ख्रिस्ती माणसं शेतातलं पहिलं पीक, पहिलं फळ, अगदी कोंबडासुद्धा उपासनेला नेतो आणि देवापुढे ठेवतो. मग त्याचा लिलाव होतो, पैसे मंडळीच्या कामाला. इथं वाळूत कसलं पीक! लोक दुकानातली सफरचंदं नि केक आणतात. तेही शुक्रवारी, कारण रविवारी सगळे ऑफिसात.

यांनी सीताफळ धुतलं. इस्त्रीच्या रुमालात ठेवलं.

मी म्हटलं, "अहो, अर्धं खा. अर्धं द्या."

"पहिलं फळ अर्धं देतात का गं?"

"देवाला जगभरची सीताफळं आहेत. तुम्हाला एकच आहे."

"म्हणून तर."

मी पण काही कमी नाही. गाडीतून उतरताना मनोजच्या कानात सांगितलं, काहीही झालं तरी बोली लाव, फळ परत घे, घरी जाऊन बापाला भरव.

लिलाव सुरू झाला. मनोजने बोली लावली. मागून जॉयसने वाढवली. ही अल नस्रला राहणारी नर्स, यांना बाबा म्हणायची. मनोजने अजून वाढवली. तिने त्याच्यावर. मग आणखी कोण कोण उठलं.

मी मनात म्हटलं, मेल्यांनो, केक आहेत ना तिकडं!

पाळकसाहेब घड्याळ बघत होते. "यल्ला, आटपा. पुढची मंडळी उपासनेला बाहेर उभी आहे."

शेवटी मनोज थकला. जॉयसने फळ घेतलं, थेट यांच्यापाशी आली आणि हातात दिलं. "बाबा, तुमच्यासाठीच घेतलं."

तेव्हा उमगलं. सगळेच यांच्यासाठी बोली लावत होते. कुणी कुणाला विचारलं नव्हतं.

हे हसले. "पोरी, देवाच्या टेबलावर ठेवलेलं परत माझ्या पोटात घालतेस? ते माझं राहिलं नाही."

"मग माझं झालं ना? मी देते तुम्हाला."

"तुझं झालं, तर लेकरांना वाट."

ती रडत रडत वाटत गेली. प्रत्येक पोराला थोडा थोडा गर. हे काठीवर हनुवटी टेकून बघत होते.

रियाला विचारलं, "कसं लागलं गं?"

"इट्स ओके, आजोबा."

घरी येताना मी खिडकीकडे तोंड करून बसले.

"रागावलीस?"

"बोट तरी चाटायचं होतं."

"वास आला की मला," म्हणाले.

नाताळच्या आधीच गेले. शेवटी मी चमच्याने पाणी पाजलं. पाजायला दुसरं होतं काय माझ्याकडे?

वर्षभर मी रियाच्या त्या "इट्स ओके"ला धरून बसले. मनाला सांगायची, एसीच्या पाण्याचं फळ, त्याला कुठली चव? बेचवच असणार. यांचं काही हुकलं नाही.

यंदा झाडाला तीन लागली. हंगामाच्या सणाला दोन टेबलावर ठेवली. तिसरं तांदळाच्या डब्यात लपवलं. देवाला सांगूनच लपवलं हो.

आज सकाळी फोडलं. तोंडात घालायच्या आधी प्रार्थना केली. प्रभू, फिकं निघू दे.

गोड होतं.

मी नवी नवरी असताना सासूबाईंनी हातावर ठेवलं होतं ना, तसं. अगदी तसंच.

रियाला गर दिला. खाऊन म्हणाली, "आजी, आय वॉज स्मॉल. मला तेव्हा कळलंच नाही."

तुला काय बोल लावू बाई. मला तरी कुठं कळलं होतं, हे काय देऊन बसले ते?

यांना कळत होतं. म्हणून तर.

रिया म्हणते, शेवटी भावपूर्ण श्रद्धांजली लिहितात. लिही तुझं काय ते. माझं एवढंच लिही.

अहो, येते मी मागून. तिथं झाड लावलंत तर एक फळ माझ्यासाठी ठेवा.

सगळं देऊन टाकू नका.