कावळ्यासमोर दिलेला शब्द

शेजारणीच्या दहाव्याला मी नदीवर गेले ते शेजारधर्म म्हणून. गावात आमचं एकच घर ख्रिस्ती. शाळेत शिकवायला म्हणून गुंजवण्याला आले, नवरा गेला, निवृत्त झाले, तरी बिऱ्हाड काही हललं नाही. पिंडावर आणि कावळ्यावर माझा विश्वास नाही, आणि ते मी कधी लपवलंही नाही. म्हणून जरा लांबच उभी होते.

कावळे जांभळीवर बसलेले, पण पिंडाला एकही शिवेना. गेलेल्या माणसाची इच्छा राहिली की असं होतं म्हणतात. मग घरचे एकेक पुढे होऊन शब्द द्यायला लागले. घर बांधतो, नातीचं लग्न चांगलं करतो, तुझी म्हैस इकत न्हाई. शेवटी मुलगा हात जोडून म्हणाला, "आये, ताईला म्या सांभाळतो. तू काळजी करू नगं."

ताई म्हणजे त्याची थोरली बहीण. वय पन्नाशीचं, समज चार वर्षांच्या पोरीची. एक कावळा खाली उतरला, पिंडाभोवती फिरला आणि परत झाडावर जाऊन बसला. लोक एकमेकांची नजर चुकवायला लागले. मुलगा मुंडण केलेलं डोकं खाली घालून तसाच उभा राहिला. मला त्याची फार दया आली.

त्याची बायको माझ्याकडे आली. "बाई, तुमी म्हणा की. ताई निम्मा दिस तुमच्याच पायरीवर असत्यात. आत्याबाईंचा तुमच्यावरच भरवसा व्हता."

"मी कावळ्याशी बोलत नाही," मी म्हणाले. तोंड माझं पहिल्यापासून तिखट.

"कावळ्याशी नगा बोलू. आत्याबाईंशी बोला."

पुण्यातला माझा मुलगा मला कायमचं घेऊन जायचं म्हणत होता. माझी खोलीसुद्धा रंगवून तयार होती. हो म्हटलं की ते सगळं संपणार, हे मला तिथं उभ्या उभ्या कळलं. तरी पुढं झाले. पिंडाकडे न बघता देवाचं नाव घेतलं आणि म्हणाले, "ताईला मी सांभाळीन."

मी वळले तोच मागं पंख फडफडले. कावळा पिंडावर बसून भात खात होता. अंगावर आलेला तो काटा अजून पुरता गेलेला नाही.

भोरला प्रार्थनेला गेले तेव्हा पाळकांना हे सांगितलं. ते म्हणाले, "ही अंधश्रद्धा आहे. कावळ्याला दिलेला शब्द पाळायची गरज नाही."

"पण देवाचं नाव घेऊन दिलाय."

ते म्हणाले, "मग प्रेमानं पाळा." प्रेमानं म्हणे! बोलायला काय जातं? कापूरहोळला एसटी बदलेपर्यंत मी धुसफुसत होते.

ताई आता माझ्याकडे राहते. खरं सांगायचं तर मला तिचा वैताग येतो. ती पदर ओढते, चपला लपवते, एकच प्रश्न दिवसभर विचारते. शेजाऱ्यावर स्वतःसारखं प्रेम करावं, हे मी कितीतरी मुलांना शिकवलं. तेव्हा शेजारी भिंतीपलीकडं होता.

दुपारी जेवायला बसलो की ती आधी भाकरीचा तुकडा अंगणातल्या भिंतीवर ठेवते. कावळा येतो. त्याला ती "आय" म्हणते आणि मगच जेवते. तो मान वाकडी करून आधी माझ्या ताटात बघतो, मग तिच्या, असं मला वाटतं. मग मी तिला आणखी कालवण वाढते. देवाच्या धाकानं वाढते की शेजारणीच्या, कोण जाणे. प्रेमानं वाढत नाही, एवढं मला ठाऊक होतं. हा कावळा यायचा बंद होऊ दे, असंही मी प्रार्थनेत मागून बघितलं.

परवा तो आला नाही. ताई ताटाला हात लावेना. "आय रुसली?" तिनं मला विचारलं आणि तिचे ओठ थरथरायला लागले. मला ते बघवेना. मी उठले, अंगणात गेले, तुकडा हातात उंच धरला आणि झाडांकडं बघून ओरडायला लागले, "काव, काव, काव!" रस्त्यावरचा दुधाचा टेम्पो थांबला. शेजारची सून दारात येऊन बघत राहिली. बाईंचा कावळ्यावर विश्वास नाही, हे अख्ख्या गावाला माहीत आहे. घसा बसला, तरी मी हाका मारत होते.