तीन अर्धी, एक फुल

बाबा बूट घालायला खाली वाकले ते पुन्हा सरळ झालेच नाहीत. मी दारात सहलीची पिशवी धरून उभी होते. मला वाटलं, नाडी सापडत नसेल. ते जिन्याच्या पायरीवर बसले होते, कपाळ गुडघ्याला टेकलेलं, एक बूट पायात, एक हातात. बूट घालतोयस की शिवतोयस, असं आत्या आतून ओरडत होती. मी त्यांच्या खांद्याला हात लावला तेव्हा ते माझ्या अंगावर कलले.

नवरात्र नुकतंच संपलं होतं. आता ऊन कडक व्हायला लागलंय, पण मी अजून त्या पायरीपासून पुढे सरकलेले नाही. ग्रंथालयात पुस्तकांवर क्रमांक चिकटवताना, घरी भाजी निवडताना, केव्हाही तो खांदा माझ्या हाताला लागतो आणि मी नव्याने दचकते. धक्का एकदा बसतो आणि मग माणूस सावरतो, असं मी समजत होते. तसं नसतं.

आमच्या घरात सहली हे बाबांचं खातं होतं. पतपेढीतल्या कारकुनाच्या पगारात महाबळेश्वर बसत नव्हतं आणि ते बसवावं अशी त्यांना हौसही नव्हती. एसटी जिथवर जाते तिथवर जायचं, पुढे पायी, जेवण घरचं आणि अंधार पडायच्या आत परत. जिथे आत शिरायला तिकीट काढावं लागतं तिथे बघण्यासारखं काही नसतं, असं त्यांचं ठाम मत होतं. त्यामुळे मी शाळेत असतानाच डहाणू आणि तलासरी हे दोन्ही तालुके जवळजवळ चालून काढले होते, आणि राणीचा बाग मात्र नोकरी लागल्यावर पाहिला. बोर्डीच्या सुरूच्या बनात आम्ही चादर अंथरून दुपारभर लोळायचो. घोलवडला वाडीच्या कुंपणाशी थांबलं की पॅकिंगमधून बाजूला काढलेले, चीर गेलेले चिकू तिथल्या बायका ओंजळभर द्यायच्या. सहलीतही मी पुस्तक घेऊन बसते म्हणून बाबा मला चिडवायचे, आणि मी बघत नाही असं पाहून ते हळूच चाळायचे.

त्यांची सगळ्यात लाडकी जागा झरीकडची. तलासरीला उतरून शेअर रिक्षा, मग ताडांच्या कडेने पायवाट, एक ओढा आणि ओढ्यापलीकडचा लहानसा पाडा. तिथल्या एका म्हातारीच्या ओट्यावर आम्ही डबे उघडायचो. तिच्यासाठी आम्ही सुके बोंबील न्यायचो. ती आम्हाला उन्हाळ्यात ताडगोळे आणि थंडीत वालाच्या शेंगा द्यायची. चष्मा आणि खिशाला पेन बघून ती बाबांना मास्तर म्हणायला लागली, आणि बाबांनी तिला कधी दुरुस्त केलं नाही. उलट त्या ओट्यावर ते जरा ताठ बसायचे.

ओढा ओलांडायची पद्धत ठरलेली होती. बाबा काठीने तळ चाचपत पुढे जायचे आणि पलीकडून हाक मारायचे, "या, गुडघाभरच आहे." मग मी, मग आत्या. आईला वाहत्या पाण्याची भीती. तिच्यासाठी बाबा पुन्हा अलीकडे यायचे, आणि त्यांच्या शर्टाचं मागचं टोक मुठीत धरून, डोळे जवळपास मिटून, ती पलीकडे जायची.

एसटीत बायकांना अर्धं तिकीट झालं तेव्हा सगळ्यात जास्त आनंद बाबांना झाला. आई, मी आणि आमच्याकडेच राहणारी त्यांची विधवा बहीण, म्हणजे आत्या, तिघी अर्ध्या झालो. "घरात पूर्ण माणूस आता मी एकटाच," असं ते गाडीभर ऐकू जाईल अशा आवाजात म्हणायचे. त्यावर पूर्ण माणूस आज पाण्याची बाटली विसरलाय, असं आईचं उत्तर तयार असायचं. वयामुळे त्यांना अर्धं तिकीट मिळायला थोडाच अवकाश होता. मीही अर्धा झालो की आपण लांब जाऊ, असं ते म्हणत असत.

त्या दिवशी आम्ही झरीलाच निघालो होतो.

दवाखान्यातून परत आल्यावर आईने पहिली गोष्ट केली ती म्हणजे पिशवीतून दशम्या बाहेर काढल्या, आंबतील म्हणून. ती रडली नाही. भेटायला येणाऱ्यांशी आत्याच बोलायची. आई चहा करायची आणि मध्येच सांगायची की यांना फार गोड चालत नाही, हे सकाळी लवकर उठतात. लोक एकमेकांकडे बघायचे. तेरावं झालं, दिवाळी अंधारातच गेली, तरी "गेले" हा शब्द तिच्या तोंडून आला नाही. बाबा गेले होते, आणि आता आईही माझ्या डोळ्यांदेखत कुठेतरी निघून चाललीय, असं मला वाटायला लागलं. मी तिच्याकडे चोरून बघत राहायचे. तिने गॅस बंद केला का, दार लावलं का. तिच्याशी काय बोलावं ते मला सुचत नव्हतं.

मार्गशीर्षात एका सकाळी ती म्हणाली, "आपलं झरीला जायचं राहिलंय."

आत्या भडकली. वर्ष व्हायच्या आत सहलीला जाणारी माणसं या गावात कुणी पाहिली नसतील, लोक दारात येऊन विचारतील, असं बरंच बोलली. आईने ऐकून घेतलं आणि लसणाची चटणी कुटायला घेतली. दुसऱ्या दिवशी पिशवी भरून आत्याच सगळ्यांत आधी दारात उभी होती. पायरीजवळ बाबांचे बूट होते. आम्ही तिघीही त्यांच्याकडे न बघता खाली उतरलो.

डहाणू रोडहून गाडी सुटली. आई पुढच्या बाकावर खिडकीशी, शेजारी पिशवी. मी आणि आत्या मागे. कंडक्टर आला तेव्हा आई म्हणाली, "तलासरी. तीन अर्धी, एक फुल."

सवयीने म्हणाली असेल, आता दुरुस्त करेल, म्हणून मी थांबले. कंडक्टरने तीन डोकी मोजली आणि विचारलं, "मावशी, फुल कोणाचं?"

"यांचं," आई म्हणाली. "द्या तुम्ही."

यंत्रातून तिकीट बाहेर आलं. आयुष्यभर भाजीवाल्याशी कोथिंबिरीच्या काडीसाठी भांडलेली माझी आई मेलेल्या माणसाचं तिकीट घडी घालून कमरेला खोचत होती. आत्याने माझं मनगट धरलं. तिने इतक्या जोरात धरलं होतं की नंतर तिथे वळ दिसला.

पुढच्या थांब्यावर मासळीची पाटी घेऊन एक कोळीण चढली. गाडीत तेवढी एकच जागा होती. पिशवी मांडीवर घे, असं तिने आईला सांगितलं. इथं माणूस आहे, आई म्हणाली. कोळणीने पिशवीकडे नीट निरखून पाहिलं.

"बारीक झालाय गं तुझा माणूस," ती म्हणाली.

सगळी गाडी हसली. कंडक्टरही हसला. आत्या उठली, तिने स्वतःची जागा कोळणीला दिली आणि तलासरीपर्यंत दांडा धरून उभी राहिली. मी माझी जागा देऊ केली तर मला तिने नुसतं डोळ्यांनी दटावलं. माझ्या शेजारी कोळीण, पायाशी पाटी, आणि समोर आईच्या केसांचा लहानसा अंबाडा. तो अंबाडा जराही हलत नव्हता. आता झरीला काय होणार, याचाच विचार मी करत होते. म्हातारी बाबांबद्दल विचारणारच. आई म्हणेल मागून येताहेत, आणि मग मी खरं सांगायचं की गप्प बसायचं?

ओढ्याला पाणी होतं. यंदा पाऊस दिवाळीपर्यंत रेंगाळला होता त्यामुळे नेहमीपेक्षा थोडं जास्तच. आम्ही काठावर थांबलो, कारण आम्हाला थांबायचीच सवय होती. कुणीतरी पुढे जाईल आणि हाक मारेल. कुणी गेलं नाही. मी चपला काढायला वाकले, आणि वर बघते तो आई पाण्यात होती.

तिने साडीही वर खोचली नव्हती. हातात काठी नव्हती. एकच विचार डोक्यात होता, आणि तो इतका भयंकर होता की आजही तो मी इथे लिहू शकत नाही. ओढ्याच्या मध्यावर ती थांबली. साडीचा घोळ फुगून तिच्या भोवती तरंगत होता. मग ती पुन्हा चालायला लागली, हळू, एकेक पाय रोवत, आणि पलीकडच्या दगडाला धरून वर चढली. तिथून वळली.

"या," ती म्हणाली. "गुडघाभरच आहे."

ती कुणाला बोलावतेय, हे मला कळेना. मी मागे वळून पायवाटेकडे पाहिलं. खरंच पाहिलं.

"वन्सं, या," आई म्हणाली. "आधी पोरीला पुढे घाला. तिला पाण्यातले दगड दिसत नाहीत."

म्हातारी ओट्यावर वाल सोलत होती. आईची ओली साडी बघून तिने आतून फडकं आणलं. चौघांसाठी चार पाट मांडले आणि वाटेकडे बघितलं.

"मास्तर नाय आला?"

मी खोटं बोलायला तोंड उघडलं. गुडघा दुखतो म्हणायचं, असं मी वाटेत ठरवलं होतं. पण आई पायाचं पाणी टिपत म्हणाली, "ते गेले. नवरात्रानंतर. इथंच यायला निघाले होते."

म्हातारी आईजवळ येऊन बसली. त्रास झाला का, असं तिने विचारलं. आई म्हणाली, झाला असणार. मग फडक्याची घडी घालत, आमच्यापैकी कुणाकडेही न बघता, ती पुढे बोलली.

"सकाळी स्वयंपाकघरात आले आणि म्हणाले, छातीत कसंतरी होतंय. मी म्हटलं, तुम्हाला निघताना रोजच काहीतरी होतं. दशम्या झाल्यात, आता नाटकं नकोत, बूट घाला."

ओट्याखाली कोंबड्या उकरत होत्या. तो आवाज माझ्या कानात एकदम मोठा झाला, जणू दुसरं काही ऐकू येऊच नये. म्हणजे इतके दिवस ती हे पोटात घेऊन चहा करत होती. मी तिच्या डोक्याची काळजी करत होते, गॅसची, दाराची. मी आत्याकडे बघितलं. तिचा एकुलता भाऊ होता. ती काय म्हणेल याची मला आईपेक्षा जास्त भीती वाटली.

आत्याने डब्याचं झाकण काढलं, पुन्हा लावलं.

"चौथीच्या परीक्षेला निघतानाही त्याच्या छातीत कसंतरी होत होतं," ती म्हणाली. "लग्नाच्या दिवशी पोटात. आमची आई पाठीत धपाटा घालून बाहेर काढायची त्याला. वहिनी, तेव्हा स्वयंपाकघरात मी असते तर मीही धपाटाच घातला असता."

आईने मान हलवली. पटलं म्हणून की नाही म्हणून, ते मला कळलं नाही. ती तेव्हाही रडली नाही. पण तिने डबा उघडला आणि जेवली. चौथ्या पाटावर म्हातारीने आम्ही आणलेलं बोंबलांचं पुडकं ठेवलं, आणि निघताना वालाच्या शेंगा दिल्या, नेहमीइतक्याच, एकही कमी न करता.

परतीच्या गाडीत आई म्हणाली, "डहाणू. तीन अर्धी," आणि पिशवी मांडीवर घेतली. सकाळचीच कोळीण रिकामी पाटी घेऊन चढली. शेजारची जागा मोकळी बघून तिला सकाळची गंमत आठवली. हसत हसत तिने विचारलं, "कुठं गेला गं तुझा माणूस?"

"गेला," आई म्हणाली. "आता दोन महिने होतील. बस तू."

कोळणीचं हसू जागच्या जागी विरलं. पाटी दोन्ही हातांनी धरून ती तशीच उभी राहिली. मग बसली, अगदी कडेला, अर्ध्या बाकावर. पाटी पायाशी ठेवून तिने हळू आवाजात विचारलं, कसं झालं. आणि आईने तिला पहिल्यापासून सांगायला सुरुवात केली. स्वयंपाकघर, छाती, दशम्या, नाटकं नकोत, बूट. मी मागच्या बाकावर होते. हे सगळं मी थोड्या वेळापूर्वीच ऐकलं होतं. तरी "बूट घाला" हे शब्द आले तेव्हा माझा हात आपोआप पुढे गेला, खांदा धरायला.