वायव्येचा वारा

हे मी बायकोला सांगितलेलं नाही, देवापुढे हात जोडूनही कधी उच्चारलेलं नाही. मग तुम्हाला का सांगतोय? तुम्ही रमणला ओळखत नाही — म्हणून असेल.

मी कोरीटचा, गुजर शेतकऱ्याचा मुलगा. रमण खांडबाऱ्याकडच्या कोकणी आदिवासी घरातला. एकोणीसशे साठनंतरच्या वर्षांत नंदुरबारबाहेर मातीच्या धावपट्टीवर एक फ्लाइंग क्लब आला, तिथे आम्ही दोघं विमान शिकलो. एका ताटात जेवायचो. शेवटी क्लबात दोघांपैकी एकालाच नोकरीवर ठेवणार होते, आणि रमणचा हात माझ्यापेक्षा सरस होता. मला ते दिसत होतं — आणि पोटात दुखत होतं.

विमान नाकासमोर धरलं तरी वारा त्याला बाजूला लोटतो. म्हणून उडण्याआधी कागदावर त्रिकोण काढायचा. एक रेघ जायच्या वाटेची, एक बाण वाऱ्याचा, त्यावरून नाक किती वळवायचं ते ठरवायचं. बाण काढायचा वारा जातो तिकडे. पण आमच्या खळ्यावर उपणताना ‘वारा कुठला?’ विचारलं, की माणूस वारा येतो तिकडे हात करतो. सुरुवातीला मीही बाण तसाच उलटा काढला होता, शिकवणाऱ्या साहेबांची बोलणी खाल्ली होती. ती चूक मी झोपेतही ओळखली असती.

एकाचा त्रिकोण दुसऱ्याने तपासायचा, हा तिथला नियम. सातपुड्यापलीकडे इंदूरला रमणचं पहिलं एकट्याचं लांबचं उड्डाण होतं. घाईत त्याने कागद पुढे केला.

“दख ना भाऊ, बरोबर शे का?”

वारा वायव्येचा. बाण वायव्येकडेच तोंड करून होता. मी पाहिलं — नीट पाहिलं. वाटलं, वाट चुकेल, उशिरा परतेल, साहेब रागावतील. एवढंच ना? खरंच एवढंच वाटलं होतं का मला?

“बरोबर शे,” मी म्हणालो.

“तू दखं ना, मंग माले काई घोर नई.”

वारा त्याला उजवीकडे लोटत होता आणि उलट्या बाणावर विसंबून तोही नाक उजवीकडेच वळवत गेला. खाली सगळं जंगल. पेट्रोल संपल्यावर नर्मदेकाठच्या खडकांत विमान उतरवलं. जीव वाचला, उजवा पाय गुडघ्यापासून गेला. कागद नदीत वाहून गेला.

चौकशीत मी म्हणालो, “गणित बरोबर होतं, वर गेल्यावर घाबरला असेल.” कुणीतरी बोललं, “जंगलातल्या पोरांना कसलं विमान?” मी मान डोलावली. ते मान डोलावणं मला त्या खोटेपणाहून जास्त खुपतं. नोकरी मला मिळाली.

मी त्याची बाजू मांडली, असा रमणचा समज. दर हिवाळ्यात तो कुबडीवर नंदुरबारला येतो, घरची तूरडाळ आणतो. बायको ती आवडीने रांधते, आणि मी जेवतो.

एकदाच त्याने विषय काढला. अंगणात बसला होता, पायाच्या खुंटावर हात फिरवत.

“वारा फिरना व्हई त्या दिन,” तो म्हणाला.

“व्हई,” मी म्हणालो.

वारा फिरला नव्हता. दिवसभर वायव्येचाच होता.