लाल लघवीचा आरोपी

“डॉक्टर, ही कोकमाच्या आगळाची बाटली आणि ही ब्रुनोच्या लघवीची. आता नीट बघा,” असं म्हणून इनास मास्तरांनी दोन्ही बाटल्या माझ्या टेबलावर ठेवल्या. माझ्या चहाच्या कपाशेजारी. मी आधी कप उचलला.

मी मालवणात जनावरांचा दवाखाना चालवते. इनास मास्तर हायस्कूलमध्ये विज्ञान शिकवून रिटायर झालेले. बायको गेली, मुलगी मडगावला. घरात ते आणि ब्रुनो. ब्रुनो बापाकडून लॅब्रॅडोर, आईकडून गावठी. मास्तरांच्या बायकोने त्याला बाटलीने दूध पाजून वाढवला होता.

मास्तरांनी दोन्ही बाटल्यांत चिमूटभर खायचा सोडा टाकला. कोकमाचा खारवलेला रस, म्हणजे आगळ, निळसर काळपट झालं. लघवी लालच राहिली.

“कोकमाचा रंग सोड्याने पालटतो. हा पालटला नाही. माझ्या ब्रुनोने शेजारची कोकमाची सोलं खाल्लेली नाहीत.”

मास्तरांना ब्रुनोवरचा चोरीचा आळ पुसायचा होता. मी मात्र कप खाली ठेवला: कोकम नाही, तर मग रक्त. आणि आदल्याच दिवशी, फोनवर, ब्रुनोला दोषी मीच ठरवलं होतं.

झालं होतं असं. मास्तरांच्या शेजारी सुमतीकाकी राहते. मासे विकते. मे महिना, म्हणून तिने रातांब्यांची, म्हणजे कोकमाच्या फळांची, सालं मीठ लावून चटईवर वाळत घातली होती. सकाळी बघते तर निम्मी गायब. आणि तेव्हाच ब्रुनोने तिच्या कुंपणाला पाय वर केला. धार लालभडक! मास्तरांनी मला फोन लावला, पण बोलली काकीच.

“डाक्टरीणबाय, ह्येंच्या कुत्र्यान माझी सोलां खाल्ल्यान! आता लाल मुतता. आनी काय पुरावो होयो?”

मला हसू आलं. म्हटलं, बीट खाल्लं की माणसांचंही असं होतं. भरपूर पाणी पाजा, उतरेल. तीस वर्षांची प्रॅक्टिस, आणि जनावर न बघता निदान! एखाद्या ज्युनिअरने असं केलं असतं तर मी त्याला उभा सोलला असता.

“ब्रुनो कुठाय?” मी विचारलं.

“बाहेर रिक्षात. आज जरा मलूल आहे. बदनामीचं मनाला लागलंय त्याच्या.”

मनाला कसलं लागतंय! आत आणून तपासणीच्या टेबलावर ब्रुनोचा ओठ वर केला तर हिरड्या कागदासारख्या पांढऱ्या. डोळे पिवळट. अंगात सणसणीत ताप. कानाच्या आत गोचिडांची रांग लागलेली.

लघवी सेंट्रिफ्यूजमध्ये फिरवली. हे मशीन बाटली गरगर फिरवतं आणि जड ते तळाला बसवतं. मूत्रपिंडातून रक्तस्राव होत असेल तर तांबड्या पेशी खाली बसतात, वर पाणी स्वच्छ होतं. इथे तळाला काही नाही आणि पाणी तसंच लाल. म्हणजे पेशी अंगातच फुटत होत्या आणि त्यांचा रंग लघवीतून बाहेर पडत होता. याला हिमोलिटिक ॲनिमिया म्हणतात. रक्त वाहून जात नाही, जागच्या जागी मोडतं.

मोडतं कोण, ते बघायला कानाच्या टोकाचा थेंब काचेवर पसरला, रंगवला आणि मायक्रोस्कोपखाली धरला. मास्तरांनाही दाखवलं. तांबड्या पेशींच्या पोटात थेंबाच्या आकाराचे जंतू बसले होते, दोन-दोन, टोकाला टोक लावून.

“बबेसिया,” मी म्हटलं. “गोचीड चावते तेव्हा अंगात शिरतो.”

“म्हणजे चोर हे!” मास्तर खूश.

“मास्तर, हिमोग्लोबिन चारच्या खाली आहे, हवं बाराच्या वर. जंतू मारायचं इंजेक्शन मी देते. पण ते काम करेपर्यंत हा टिकायला हवा. आजच्या आज रक्त लागेल.”

मास्तर स्टुलावर बसून शर्टाची बाही वर करू लागले. शाळेतली भाषा गळून पडली.

“माझा घेवा. जमात?”

“तुमचं चालत नाही. दुसरा कुत्रा हवा. धडधाकट, पंचवीस किलोच्या वरचा, गोचीड नसलेला.”

तसा कुत्रा माझ्या माहितीत एकच होता. बंड्या. सुमतीकाकीचा. माशांच्या डोक्यांवर पोसलेला, आणि काकी त्याला दर आठवड्याला करंजाचं तेल चोळायची. त्या वासाने गोचीडच काय, मास्तरही कुंपणाजवळ फिरकत नसत.

फोन मीच केला. बंड्याला तपासायला आणा, एवढंच सांगितलं. अर्ध्या तासात काकी बंड्याला घेऊन हजर. कारण कळल्यावर दारातच थांबली.

“माझ्या बंड्याचा रगात? त्या चोराक?”

“काकी, तो मरायला टेकलाय.”

“टेकांदे! आदी मास्तरांनी कबूल करूचा. त्येंच्याच कुत्र्यान खाल्ल्यान म्हणान.”

मी तोंड उघडणार होते. माझ्या टेबलावर सोडा टाकलेल्या दोन बाटल्या तशाच होत्या. पण मास्तरांनी मला हाताने थांबवलं. मुलांनी प्रयोगवहीत एक आकडा खोटा लिहिला तर सगळी वही परत करायला लावणारा हा माणूस. ते उठले आणि काकीसमोर हात जोडून उभे राहिले.

“होय गो सुमती. माझ्या ब्रुनोनच खाल्ल्यान. माफ कर.”

काकी गडबडली. तिने पहिल्यांदाच तपासणीच्या टेबलावर पसरलेल्या ब्रुनोकडे नीट पाहिलं.

“अगो बाय! केवढोसो झालो ह्यो! घेवा, घेवा रगात. बंड्या, हालशीत तर बग!”

बंड्याचं रक्त तपासलं. जंतू नाहीत. दोघांचे थेंब काचेवर एकत्र करून पाहिले. गुठळ्या नाहीत. जुळलं. रक्त मानेच्या शिरेतून घ्यायचं असतं, म्हणून काकीला म्हटलं, त्याची हनुवटी वर धरा.

तिने धरली. बंड्याच्या गळ्याखालचे पांढरे केस चांगले गुलाबी झाले होते. पाणी लावून पुसले तर कापूस गुलाबी झाला. तेवढ्यात बंड्याने जांभई दिली. मागच्या दाढेत रातांब्याचं साल अडकलेलं होतं. अख्खं.

मी सुई घातली. पिशवी भरत आली तेव्हा काकी हळूच म्हणाली, “मास्तर, तुमी माझ्याकडे खोटा बोललात.”

“बोललंय,” मास्तर म्हणाले.

पिशवी ब्रुनोला लावली. संध्याकाळी हिरड्यांवर किंचित रंग आला. तिसऱ्या दिवशी लघवी पिवळी झाली. एरवी कुणी या गोष्टीचे पेढे वाटत नाही, मास्तरांनी वाटले. काकी त्याच दिवशी करंजाच्या तेलाची बाटली घेऊन आली आणि ब्रुनोला कानापासून शेपटीपर्यंत चोळून गेली. आता ते कुंपण दोन्ही बाजूंनी वास मारतं.

माझ्यापुरता धडा असा, की फोनवरून लघवीचा रंग कळतो, हिरड्यांचा कळत नाही. आता कुणी लाल लघवी म्हणालं की काय खाल्लं हे मी विचारत नाही. घेऊन या म्हणते. आणि येताना शेजाऱ्यांचा कुत्रापण आणा म्हणते.