आईने पाहिलेला गड

हिंजवडीतल्या नोकरीत मी जरा स्थिरावले, तेव्हा आईबाबा पहिल्यांदा पुण्यात काही दिवस राहायला आले. आम्ही यवतमाळकडचे. बाबांनी तिथल्या एका शाळेत जन्मभर इतिहास शिकवला. फळ्यावर एका ओढीत सह्याद्री काढायचे आणि खडूचे ठिपके देत किल्ले सांगायचे. प्रत्यक्षात मात्र त्यांनी एकही डोंगरी किल्ला पाहिलेला नव्हता. सुट्ट्या लग्नांत, शेतीत, कुणाच्या तरी आजारपणात गेल्या, आणि निवृत्त झाले तोवर गुडघे दुखायला लागले होते.

"साताऱ्याला जाऊन येऊ," मी म्हटलं. "मराठ्यांची राजधानी. शनिवारी निघू, रविवारी परत."

शनिवारी मी उठले, तर बाबा इस्त्रीचा शर्ट घालून, बूट बांधून खुर्चीत बसलेले.

मी नुकतीच एक जुनी गाडी घेतली होती. कात्रजचा बोगदा ओलांडला आणि दोन्ही बाजूंनी डोंगर सुरू झाले, थंडीतल्या धुक्यात अर्धे बुडालेले. आई मागे झोपली होती. बाबा एकेका डोंगराकडे बोट करून विचारत होते, "हा कोणता?" मला एकाचंही नाव येत नव्हतं. ऑफिसच्या कामामुळे टेक्सासमध्ये आत्ता किती वाजले असतील, ते मात्र सांगता आलं असतं.

अजिंक्यताऱ्यावर गाडी दरवाज्याच्या जवळपर्यंत जाते, त्यामुळे साताऱ्यात मुक्कामाचं सामान ठेवून संध्याकाळी तिथे तिघंही पोचलो. बाबांनी दरवाज्याच्या दगडावर तळहात टेकवला आणि बराच वेळ तसेच उभे राहिले. खाली साताऱ्यात दिवे लागत होते. कुठूनतरी आरतीची घंटा आणि एसटीचा हॉर्न एकत्रच वर येत होते.

"फळ्यावर मी हा जरा उजवीकडे काढत होतो," ते म्हणाले. मग अंधार पडेपर्यंत ते वर हिंडत राहिले.

त्या हिंडण्याने सकाळी बाबांचे गुडघे सुजले. तरी सज्जनगडाला जायचंच म्हणाले. गाडी वर लावली, पण पुढे पायऱ्या होत्या. थोड्या चढून बाबा कठड्यावर बसले.

"तुम्ही दोघी जाऊन या."

"मी नाही जात बाबा. तुम्हाला एकटं सोडून कशी जाऊ?"

आई आमच्याकडे बघत होती. इतिहासाशी तिचं कधी जमलं नाही. बाबा जेवताना लढाया सांगायला लागले की ती पोळ्या आणायला उठायची. तिने शाल घट्ट लपेटली.

"तू थांब इथं. मी जातो," ती म्हणाली. आमच्याकडे बायकाही असंच बोलतात. आणि ती निघाली. पुढच्या वळणावर धुकं होतं. तिची तपकिरी शाल आधी फिकट झाली, मग दिसेनाशी झाली.

आम्ही बसून राहिलो. दरी पांढऱ्या कापसाने भरल्यासारखी होती. त्यातून एखाद्या गाईच्या गळ्यातली घंटी वाजायची, पुन्हा सगळं शांत. बाबा सारखे वर बघत होते.

"ती कधी एकटी कुठे गेली नाही गं," ते म्हणाले.

आई आली तेव्हा तिचे केस दवाने ओले झाले होते. ती बाबांशेजारी बसली.

"काय पाहिलंस?" बाबांनी विचारलं.

"दरवाज्यातून वारा असा येते जी, पदरच ओढून नेते."

"बुरूज किती आहेत?"

"मी काय मोजाले गेली होती? वर तळं हाये. पाणी हिरवं, लय गार. पाय बुडवून बसली थोडा वेळ."

"आणि तट? तटावर गेलीस?"

"गेली. खाली काहीच दिसे ना, सारं पांढरं. मंग एका जागी फाटलं, अन् खाली धरणाचं पाणी, शेतं, अन् एवढीशी लाल यष्टी जाऊन राहिली होती. मले वाटलं, हाक मारली तर थांबन."

बाबांनी डोळे मिटले. "हळू सांग," ते म्हणाले. "पुन्हा दरवाज्यापासून सांग."

आईने पुन्हा दरवाज्यापासून सांगितलं. या वेळी वारा जास्त होता, तळंही जरा मोठं झालं होतं. मध्ये एक म्हातारी भेटली, ती पहिल्या वेळी नव्हती. बाबांनी कुठेच अडवलं नाही. मीही डोळे मिटून ऐकत होते, आणि मलाही तो गड दिसत होता, ढगात तरंगणारा, एका बाजूने उघडा.

परतीच्या वाटेवर आई पुढे माझ्याशेजारी बसली आणि खंबाटकीपर्यंत बोलत राहिली. बाबा मागे बसून हुंकार देत होते.

पुढच्या दिवाळीत मी गावी गेले, तेव्हा अंगणात शेजारी जमले होते. बाबा सांगत होते, "वर गेलं की एक तळं आहे. हिरवं पाणी, अतिशय थंड."

"तुमी कुठं पाह्यलं?" आई आतून म्हणाली.

बाबा हसले. "बरं, मग तू सांग." आणि खुर्चीतून उठून त्यांनी ती तिच्यासाठी सरकवली. आई हात पुसत बाहेर आली, बसली आणि दरवाज्यापासून सुरुवात केली.