परिच्छेद संपला की
कचेरीसमोरच्या अरुंद गाळ्यात पुढे झेरॉक्सचं मशीन आहे आणि पडद्यामागे एक टेबल. त्या टेबलाशी बसून एक बाई एकतीस वर्षं अर्ज, करारनामे आणि प्रतिज्ञापत्रं टाईप करते आहे. तिचं नाव फारसं कुणी घेत नाही. बोटांच्या आवाजावरून तिला सगळे तडतडताई म्हणतात. तिची नजर कागदावर असते, बोटांवर कधीच नाही. समोरचा माणूस पत्ता सांगून श्वास घेईपर्यंत पत्ता उमटलेला असतो.

पहिली तेरा वर्षं टाईपरायटरवर गेली, मग संगणक आला. त्यात अक्षरांची मांडणी टाईपरायटरचीच ठेवता आली, म्हणून तिचं काही अडलं नाही. आता तो संगणकही म्हातारा झाला होता, आणि महिनाभरापासून मध्येच बंद पडू लागला होता. आधी सूचना नाही, कुरकुर नाही. पडदा काळा व्हायचा आणि लिहिलेलं जायचं. एखाद्या दिवशी चारदा, मग दोन दिवस काही नाही. पान संपल्यावर साठवायची तिची पद्धत होती, ती तिने परिच्छेदावर आणली. तरी साठवायच्या आधीच तो डोळे मिटायचा. एका आजोबांचं बक्षीसपत्र तिसऱ्यांदा टाईप करायला घेतलं तेव्हा ते शांतपणे म्हणाले, "बाई, आमच्या हयातीत होईल ना हे?"

गाळा भाच्याचा. झेरॉक्स तोच बघतो. त्याने सांगून टाकलं, "मावशी, सोमवारी नवा आणतो. किती दिवस या मढ्याला पाणी पाजायचं?"

नव्या संगणकावर तिचा जुना प्रोग्राम चालणार नव्हता. मांडणी बदलणार होती. बहिणीकडच्या नव्या संगणकावर तिने एकदा 'अर्जदार' लिहून पाहिलं होतं. पडद्यावर जे उमटलं ते कुठल्याच भाषेतलं नव्हतं. चोपन्नाव्या वर्षी दहा बोटांना पुन्हा बालवाडीत घालायचं, आणि तोवर गिऱ्हाईक शेजारच्या गाळ्यात जायचं, हे तिला स्पष्ट दिसत होतं.

"शनिवारपर्यंत थांब," एवढंच ती म्हणाली.

दुरुस्तीवाल्याला सगळे डॉक्टर म्हणत. तो दोनदा येऊन गेला होता. त्याने धूळ उडवली, वीजपुरवठ्याचा डबा बदलला, रॅमची पट्टी काढून खोडरबराने घासून परत बसवली. मग स्वतः दोन बोटांनी तासभर टाईप करत बसला. काही झालं नाही.

"पाहुण्यांसमोर शहाण्यासारखं वागणारं पोर असतं ना, तसा आहे हा," तो म्हणाला. "ताई, बंद पडला की वहीत लिहून ठेवा."

तिने लिहिलं. कुठलंही काम करते तसंच, नीट रकाने आखून.

शनिवारी डॉक्टरने वही चाळली. वेळांचा मेळ उन्हाशी लागेना, विजेशी लागेना. त्याने वही मिटली. "बोर्डच गेला असणार. भाच्याचं ऐका आता."

चार वाजता द्यायचा एक अर्ज बाकी होता, तो तिने पुढे ओढला. डॉक्टर पाठ फिरवून चहा घेत उभा राहिला. मागे तडतड सुरू झाली, मग ठप्प. पुन्हा तडतड, पुन्हा ठप्प. आणि एकदम शांतता.

"गेला," ती म्हणाली.

"शेवटी ते ठप्प कशाचं झालं?"

"कसलं ठप्प?"

"तुम्हाला ऐकू नाही आलं?"

"नाही बुवा."

त्याने संगणक पुन्हा चालू केला आणि तिला लिहायला लावलं. या वेळी तो समोर बसला. परिच्छेद संपला. तिच्या उजव्या हाताच्या करंगळीने एंटर दाबलं, आणि त्याच वेळी डावा हात उठला, बाजूला गेला, सीपीयूच्या डब्यावर आपटला आणि जागेवर परत आला. बाईची नजर कागदावरच.

टाईपरायटरला ओळ संपली की डाव्या हाताने दांडा ढकलावा लागे. टाईपरायटर जाऊन अठरा वर्षं झाली, पण हाताला ते कुणी कळवलं नव्हतं. संगणकात ओळ आपोआप वळते, म्हणून तो फक्त परिच्छेद संपल्यावर उठायचा, आणि इतकी वर्षं हवेतच जाऊन यायचा. महिन्यापूर्वी टेबलाखालचा नळ गळला, आणि भाच्याने डबा जमिनीवरून उचलून टेबलावर ठेवला. डाव्या बाजूला.

डॉक्टरने वही परत उघडली. वेळेपुढच्या रकान्यात तिच्या वळणदार अक्षरात लिहिलं होतं: 'करारनामा, परिच्छेद संपला.' 'अर्ज, परिच्छेद संपला.' पानभर तेच.

"ताई, तुम्ही तर सगळं लिहून ठेवलंय. मीच नुसती घड्याळं वाचत बसलो."

डबा उघडून त्याने या वेळी रॅमची पट्टी हलवून पाहिली, तेव्हा दिसलं की तिला धरून ठेवणारी क्लिप तुटलेली आहे. जोराचा धक्का बसला की पट्टी सुटायची. त्याने ती आवळून बांधली आणि डबा टेबलाच्या उजव्या बाजूला ठेवला. "वर्षभर चालेल. त्यापुढचं सांगत नाही."

भाचा पडद्यातून डोकावला. "म्हणजे बिचारा धडधाकट होता, तूच बडवत होतीस."

"अठरा वर्षं हवेत मारत होते. मध्ये आणून तू ठेवलास."

भाचा बाहेर गेला. त्याने दुकानदाराला फोन लावला. "सोमवारचं राहू द्या. आमचं मढं उठून बसलंय."

सोमवारी आजोबा आजींना घेऊन बक्षीसपत्रासाठी आले. डाव्या बाजूला जागा झाली होती, तिथल्या स्टुलावर ते बसले. पहिला परिच्छेद संपला तशी त्यांच्या दंडावर थाप पडली.

"सही करू?" त्यांनी खिशातलं पेन काढलं.

"अजून चार परिच्छेद आहेत, आजोबा."

दुसऱ्या परिच्छेदाला पुन्हा थाप पडली. आजोबांनी आजींकडे पाहिलं.

"सरकून बसा जरा," आजी म्हणाल्या. "काम चाललंय त्यांचं."