डाव्या हाताची तेलुगू

इंदूकाकू मराठी उजव्या हातानं लिहायच्या आणि तेलुगू डाव्या हातानं. पाहणाऱ्याला गंमत वाटायची. पण आठवड्यातून दोनदा आदिलाबादच्या डायलिसिस वॉर्डात त्यांच्या उजव्या हातात जाड सुया टोचल्या जात, आणि मशीन सुरू असेपर्यंत तो हात हलवायची बंदी असे. डाव्या हाताची नस आधीच निकामी झाली होती, म्हणून सुयांपासून तेवढा तो मोकळा. "सुई त लागलीच हाय," त्या म्हणायच्या, "मंग पडल्या पडल्या काही शिकून घेऊ."

तलमडुगूकडच्या आमच्या गावात त्या अंगणवाडीत मदतनीस होत्या. झाडायचं, खिचडी शिजवायची, पोरांची नाकं पुसायची. तिथल्या शिक्षिकेची जागा रिकामी होणार होती आणि तिच्यासाठी दहावी लागत होती. काकूंची शाळा नववीत, लग्नानं सुटलेली. आजार आला तेव्हा सगळे धरून चालले की तो विषय मिटला. काकूंनी मात्र ओपन स्कूलला नाव घातलं. शंकरकाकांनी, म्हणजे त्यांच्या नवऱ्यानं, कपाशीला पाणी देता देता विचारलं, आता कलेक्टर व्हायचं आहे का?

"कलेक्टर नाही," काकू म्हणाल्या. "पोरं मले खिचडीवाली म्हनतेत. मले बाई म्हनले पाह्यजे."

बाकीचे विषय मराठीतून होते, अडत होतं सक्तीच्या तेलुगूपाशी. बाजारात घासाघीस करण्याइतकी ती यायची, पण अक्षर एकही ओळखीचं नाही. शेजारच्या खाटेवर जंगूमामा असायचे, उटनूरकडच्या आश्रमशाळेतले निवृत्त गोंड मास्तर. त्यांचंही रक्त त्याच वेळी मशीनमधून फिरत असे. काकूंच्या सोबतीला आलेली मी दोन खाटांच्या मध्ये स्टुलावर बसायची. मामा हवेत बोटानं अक्षर काढायचे, काकू डाव्या हातानं ते कागदावर उतरवायच्या. कागद माझे, म्हणजे माझ्या उरलेल्या पत्रकांचे. आमच्या घरात पाहुण्यांपेक्षा मोर्चांची पत्रकं जास्त यायची, पुढे ती मीच लिहायला लागले.

"तुये कागद येका बाजूनं कोरे असतेत, हे बेस हाय," काकू एकदा म्हणाल्या. "दुसऱ्या बाजूले काय लिवते ते कोनी वाचते का नाही, देवाले ठाऊक."

जंगूमामा इतके हसले की नर्स धावत आली.

संकट म्हणजे संधी, असं भिंतीवर रंगवणाऱ्यांचा मला तेव्हाही राग यायचा, आजही येतो. काकूंना संधी कुणी दिली नव्हती. दिली होती ती दोन बस बदलून जायची वाट, आणि परत येताना खिडकीला टेकवलेलं, गरगरणारं डोकं. त्या वाटेवर त्या दुकानांच्या पाट्या वाचायच्या. आधी एखादं अक्षर, मग शब्द, मग अख्खी पाटी. एका परतीच्या खेपेला ओकारी थांबवत त्यांनी मला सांगितलं की इतकी वर्षं आपण ज्याला औषधांचं दुकान समजत होतो, ते खतांचं आहे.

मशीन आमच्या भागात, जवळ द्या, असं पत्रक मी काढत होते. त्यावर नळ्या लावलेल्या काकूंचा फोटो मला हवा होता. त्यांनी साफ नाही म्हटलं.

"सुईतला फोटो नको लावू. पास झाली का मंग छाप."

परीक्षा त्यांनी मोकळ्या दिवसांत दिली. दोन्ही हात सुटे होते, तरी तेलुगूच्या पेपराला त्यांनी पेन डाव्या हातात धरलं. उजव्याला ती लिपी येतच नव्हती. पर्यवेक्षकाला संशय आला, काल ही बाई उजव्यानं लिहीत होती. त्यानं ओळखपत्र दोनदा पाहिलं. "हा हात तेलुगूवाला हाय, सार," काकूंनी तेलुगूत सांगितलं. परतताना हे सांगून त्या बसमध्ये इतक्या हसल्या की त्यांना धाप लागली.

निकाल लागायच्या आधी पाऊस लागला. गावाबाहेरच्या नाल्याला पूर आला, बस आलीच नाही आणि काकूंची डायलिसिसची एक खेप चुकली. दुसऱ्या दिवशी अंगावर सूज आणि छातीत पाणी. शंकरकाकांनी ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत गादी टाकली. नाल्याच्या अलीकडे आम्ही पाणी उतरायची वाट पाहत बसलो. काकू ट्रॉलीत डोळे मिटून पडल्या होत्या. डाव्या हाताचं बोट गोधडीवर काहीतरी गिरवत होतं. मी वाकून पाहिलं, पण अक्षर ओळखू आलं नाही. मग बोट थांबलं. पाणी संध्याकाळी उतरलं.

काकूंच्या तेराव्यानंतर निकाल लागला, तो मीच मोबाईलवर पाहिला. शंकरकाका ओसरीवर बसले होते. मी वाचून दाखवलं. त्यांनी पुन्हा वाचायला लावलं, पुन्हा एकदा लावलं. मग तेलुगूत किती, ते वेगळं विचारलं. सगळ्यांत जास्त मार्क तेलुगूतच होते.

ते स्वतःच्या डाव्या हाताकडे बघत राहिले. मग उठून आत गेले आणि काकूंचा फोटो घेऊन आले. अंगणवाडीच्या दारात, पोरांच्या घोळक्यात उभ्या असलेल्या.

"छाप आता," ते म्हणाले. "पास झाली थे."

खाली काय लिहू, मी विचारलं. मला वाटलं होतं नाल्याचं लिहू, पाण्याचं, न आलेल्या बसचं. तेही मी पुढे लिहिलं. पण फोटोखाली काकांनी सांगितलं तेवढंच आहे.

"लिव, इंदूबाई. बाई नक्की लिव."